सतरा पाट्या

गुरुवार, ६ नोव्हेंबर

या वहीची माफी मागायला हवी. शेवटची नोंद मागच्या वर्षीच्या मार्चमधली आहे आणि तीही अर्धवट. ‘आज नववीच्या वर्गात’ एवढं लिहून मी उठले होते. त्या वर्गात काय झालं होतं ते आता आठवत नाही. वीस महिने का लिहिलं नाही याचं प्रामाणिक उत्तर इतकंच, की लिहावं असं काही घडत नव्हतं आणि घडत नाही हे लिहायची लाज वाटत होती. आता मात्र कुणाशी तरी बोलायला हवं. या घरात एका माणसाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला थांबता येत नाही.

बाबांना ११ ऑक्टोबरला झटका आला. विहिरीपाशी नमाजाआधीचे हातपाय धूत होते, तिथेच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अगादीरच्या इस्पितळात अठरा दिवस काढले आणि २९ तारखेला त्यांना गावी आणलं. तिझनितच्या माझ्या शाळेने २० डिसेंबरपर्यंत रजा दिली आहे. रसायनशास्त्राच्या तासाला मुली सध्या काय करतात देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, “त्यांना बहुतेक सगळं समजतं. पण स्वतःचं वाक्य जुळवता येणार नाही, तोंडाने नाही आणि लिहूनही नाही. लहानपणी पाठ केलेलं मात्र कधीकधी शाबूत राहतं. डाव्या हाताला काम देत राहा.” ‘बहुतेक’ म्हणजे किती, असं मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते जरा चिडले.

चाळीस वर्षं गावच्या मशिदीत पोरांकडून पवित्र ग्रंथ पाठ करून घेणारा माणूस. त्यांच्या ओठांतून आता फक्त ‘अ’ निघतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज बाबा डाव्या हाताने सारखे दारावरच्या फळीकडे दाखवत होते. फाद्माआत्या (बाबांची धाकटी बहीण, आई गेल्यापासून हे घर तिच्याच हातात आहे) स्टुलावर चढली आणि एकेक वस्तू खाली देत गेली. जपमाळ दिली, नको. पागोटं दिलं, नको. त्यांची मोठी लाकडी पाटी दिली, तीही नको.

“मग काय, मी येऊ का खाली?” आत्या म्हणाली. “बारा माणसांचा संसार आहे इथे वर.”

शेवटी मोठ्या पाटीच्या मागची छोटी पाटी निघाली. माझी. मुठीपाशी माझ्या दातांचे व्रण अजून आहेत. बाबांनी ती छातीशी धरली.

“हलकी आहे म्हणून हवी असेल,” मी म्हटलं.

“तुझी आहे ती,” आत्या म्हणाली.

“हो, म्हणूनच हलकी आहे.”

पांढऱ्या मातीचा हात मी दिला, पाटी उन्हात वाळवली. जळक्या लोकरीची शाई आत्याकडे होतीच. बाबांनी बोरूची लेखणी डाव्या मुठीत धरली आणि चार ओळी लिहायला दीड तास घेतला. मी लिहिलेलं पाहिलं नाही. ज्या माणसाच्या अक्षराची शपथ घ्यावी, त्याची वेडीवाकडी अक्षरं बघणं म्हणजे त्याला अंघोळ घालताना बघण्यासारखं वाटलं. आणखी एक कारण आहे. त्या पवित्र ओळी वाचण्याआधी मन आणि हात जसे असावे लागतात तसे माझे कित्येक वर्षांत नाहीत. मी नमाज पढत नाही, हे या वहीला ठाऊक आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी पाटी धुतली. लिहिलेलं तसंच पडू द्यायचं नाही, पाणी पायदळी येऊ द्यायचं नाही, हे हातांना अजून आठवतं. पाणी अंजिराच्या मुळाशी ओतलं. कोरी पाटी परत दिली तेव्हा बाबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. डावी भुवई वर गेली होती. ‘इतक्या लवकर?’ असं काहीसं.

“झाली स्वच्छ,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. बोरू जरा जास्त भराभर चालत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कानाचं नवीन काहीतरी उद्भवलं आहे. धुतलेली पाटी दिली की बाबा डावा हात कानामागे धरतात आणि डोळे मिटून थांबतात. झटक्याने ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, असं मी वाचलं आहे. म्हणून मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, “बाबा, पेज आणू का? जवाची?”

ते तसेच थांबले. मी आणखी मोठ्याने विचारलं.

“अगं, डोंगरापलीकडच्या बाईने पेज टाकली असेल एव्हाना तुझं ऐकून,” आत्या चुलीपासून म्हणाली.

बाबांनी हात खाली घेतला, काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि पाटी ओढून घेतली. पेज मात्र सगळी प्यायले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मी एक तक्ता केला आहे. रक्तदाब, झोप, किती ओळी लिहिल्या. सरासरी चार ओळी. पण गेल्या गुरुवारी, शुक्रवारी आणि आज पुन्हा एकही ओळ नाही. बोरूला हातसुद्धा लावत नाहीत, उन्हात बसून अंजिरावरचे पक्षी बघतात. डॉक्टरांना फोन केला. थकवा साचत असेल, म्हणाले. कानांसाठी ३ डिसेंबरची वेळ दिली आहे.

तक्ता काढल्यावर मला बरं वाटतं. यात थोडी लबाडी आहे. तक्ता भरताना मी मुलगी नसते.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज पाटी धुताना ते सगळं पुन्हा आठवलं. आता लिहूनच टाकते.

मी अकरा वर्षांची होते. बाबांच्या चटईवर मुलांच्या ओळीत मी एकटीच मुलगी, आणि सगळ्यांच्या पुढे. आमच्याकडे ग्रंथ शेवटच्या बाजूने उलट पाठ करत येतात. मी मूसाच्या कथेपर्यंत आले होते. जवळजवळ अर्धा ग्रंथ. त्या दिवशी मूसाची कथा संपवून म्हणून दाखवली, बाबा “धू” म्हणाले, मी पाटी धुऊन आणली. त्यांनी ती हातातून घेतली आणि लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी मला शाळेचं नवं दप्तर दिलं आणि तिझनितच्या बसमध्ये बसवलं, मामाच्या घरी. पाटी फळीवर गेली.

का, हे मी कधी विचारलं नाही. मुलगी मोठी झाली म्हणून, असं मला वाटत आलं. शिकवायचंच तर नीट शिकवावं म्हणून पाठवलं, असं आत्या म्हणते. “तुझ्या दप्तरासाठी त्याने दोन सुगीचा आपला हिस्सा विकला, आणि तू तोंड फुगवून बसलीस ते तेहतीस वर्षं.” दोन्ही खरं असू शकतं. मी शिकले, पदवी घेतली, लग्न केलं, मोडलं. पण अजूनही कधी वर्गात एखादी मुलगी न अडखळता काही म्हणून दाखवते, तेव्हा मला माझ्या उजव्या गुडघ्याला चटई टोचल्यासारखी वाटते. पुढची ओळ माझी होती, आणि ती कुणी ऐकलीच नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाबा आता डोळ्यांनी नमाज पढतात. पापण्या खाली म्हणजे वाकणं, पूर्ण मिटणं म्हणजे माथा टेकणं. मी खांबाआडून बघते. मला हवं आहे ते नेमकं काय, हे आज स्वतःला विचारलं. देव हवा आहे, की बाबांचा कान? खरं उत्तर आलं नाही. जे आलं ते सोयीचं होतं, म्हणून लिहीत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

मबारक आला होता. कासाब्लांकात वाणसामानाचं दुकान आहे त्याचं. माझ्या वेळी चटईवर माझ्या शेजारी बसायचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि चार पाठ मागे. साखरेचा सुळका आणि चहा घेऊन आला, बाबांच्या हाताचं चुंबन घेतलं, ‘सिदी, सिदी’ (गुरुजी, गुरुजी) म्हणत थोडा रडला. मग त्याची नजर भिंतीला टेकलेल्या पाटीवर गेली आणि तो सुरात वाचायला लागला. बाबांची काठी जमिनीवर ठेका धरू लागली.

ओळी संपल्या तसा तो माझ्याकडे वळला. “कुणाचा पाठ हा?”

“कुणाचा म्हणजे? त्यांच्या हाताचा व्यायाम आहे.”

तराजूत बोट ठेवणाऱ्याकडे दुकानदार बघतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मला हाताने खूण करून चुलीकडे नेलं.

“लल्ला इज्जा,” त्याने मला मानाने हाक मारली, “खाली ती आकड्यासारखी खूण बघितलीस? ‘आज इथवर’ अशी खूण आहे ती. स्वतःसाठी लिहिताना फकीह, म्हणजे शिकवणारा गुरुजी, ती करत नाही. तू सोडलं होतंस कुठे?”

“मूसा संपला तिथे.”

“मग पुढे?”

मला सांगावं लागलं. “मर्यम.”

“हे मर्यमचंच आहे. निम्म्याच्या जवळ आले आहेत ते. आधीच्या पाट्या?”

“धुतल्या.”

“म्हणून दाखवून?”

आत्या कणीक मळायची थांबली.

“न म्हणताच धुतल्यास,” मबारक म्हणाला. आधी हसला, मग हसू तोंडातच विरलं. “मी एकदा केलं होतं तसं. नऊ वर्षांचा होतो, खेळायला जायचं होतं. चार दिवस सिदींनी माझी पाटी हातात घेतली नाही. अगं, पाटी धुणं म्हणजे पाठ झाला असा शब्द देणं. तो तोंडाने द्यावा लागत नाही. विसरलीस?”

“मला वाटलं त्यांना ऐकू येत नाही. कानामागे हात धरायचे.”

“मग तू काय केलंस?”

“मोठ्याने बोलले.”

“पेजेबद्दल,” आत्या म्हणाली.

“आणि गुरुवार-शुक्रवार?” मी विचारलं. “त्या दिवशी का लिहीत नाहीत?”

“सुट्टी असते, बाई. मशिदीतल्या शाळेची. तूच तर सगळ्यांत आधी पळायचीस अंजिरावर.”

सोळा पाट्या मी धुतल्या. सतरावी भिंतीला उभी आहे. तक्त्यात सगळ्या आहेत, किती ओळी, किती वेळ. त्यांवर काय होतं ते सोडून.

जाताना मबारक म्हणाला, “त्यांना वाटत असेल, पाठ करते पण म्हणून दाखवत नाही. रुसली आहे अजून.”

बुधवार, ३ डिसेंबर

कानाच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. काय कारण सांगावं सुचेना. ‘कान ठीक आहेत’ म्हटलं.

दुपारी हातपाय धुतले. क्रम आठवेना, आत्याने दारातून बोटाने दाखवला, एक शब्दही न बोलता. तिच्यासाठी हे फार होतं. मग ग्रंथ उघडून मर्यमच्या कथेची सुरुवात पाहिली. सुरुवात मर्यमची नाहीच, म्हाताऱ्या जकरियाची आहे. केस पांढरे, हाडं थकलेली, आणि खूण म्हणून त्याची वाचा बंद होते. हे लहानपणी माहीत असणार कसं, मी तिथवर आलेच नव्हते. पहिल्या एकदोन पाट्यांवर हेच असणार. ते पाणी मी अंजिराला घातलं.

आज सकाळी सतरावीसुद्धा धुतली. हो, माहीत झाल्यावरही. त्यांच्या डोळ्यांसमोर न धुतलेली पाटी ठेवायचं धैर्य झालं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मी गाईला चारा घालायला गेले. परत आले तरी पाटी कोरीच होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

दोन दिवसांत पहिल्या चार ओळी पाठ झाल्या आणि आज सकाळी त्यातल्या दोन गेल्या. अकराव्या वर्षी मला दिवसाला अख्खी पाटी जात असे.

“सांगून टाक त्याला,” आत्या म्हणाली.

“त्यांना धक्का बसेल. डॉक्टर म्हणालेत, ताण नको.”

“त्याला बसेल की तुला?”

“तुला सोपं आहे.”

“मला? मी कधी शिकलेच नाही, पोरी. मला कुणी पाटीच दिली नाही. सोपंच की.” आणि ती बदाम फोडायला बसली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, “टरफलं टोचतील, लांब बस.”

न सांगताही चालेल, हेही मनात येऊन गेलं. ते मी सगळं शिकले असं समजूनच जातील. यात कुणाचं काय वाईट होतं? रात्रभर नाही, पण दुपारभर हा प्रश्न चघळला. जिचं वाईट होतं तिचं नाव मला माहीत आहे.

शनिवार, ६ डिसेंबर

मी फसवलं. आधी घडलं ते लिहिते, मग स्वतःला जे बोलायचं ते बोलेन.

बाबा उन्हाकडे तोंड करून बसले होते. त्यांनी कानामागे हात धरला. मी त्यांच्या मागे चटईवर बसले, ग्रंथ मांडीवर उघडला आणि बघून वाचलं. सुरुवातीपासून सतराव्या पाटीपर्यंत. मुलगा बापाला हाक मारून सांगू लागतो, तिथवर.

त्यांचे खांदे हलत होते. आत्या चुलीपासून उठून आली आणि दारात उभी राहिली. संपल्यावर बाबांनी डावा हात मागे केला, तळवा वर, उघडा. मी माझा हात त्यात ठेवला. त्यांनी माझी बोटं चाचपली आणि सोडून दिली. त्यांचा तळवा तसाच थोडा वेळ उघडा राहिला, मला अजून काय द्यायचं होतं ते कळलं नाही.

मग त्यांनी अठरावी पाटी लिहिली. दोनच ओळी. तक्त्यातली सगळ्यांत लहान.

तेहतीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आज आला आणि मी त्यात नव्हतेच.

रविवार, ७ डिसेंबर

पाटी धुतली नाही. अठरावी तशीच भिंतीला आहे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कानामागे हात धरला नाही. दिवसभर काही मागितलं नाही.

संध्याकाळी पेज निम्मी उरली. पकड सैल झाली आहे, वाटी दोनदा सुटली.

मंगळवार, ९ डिसेंबर

काल रात्री लिहायला बसले नाही, कारण मला झोप लागली. बऱ्याच दिवसांत अशी लागली नव्हती. म्हणून कालचं आज लिहिते.

काल सकाळी मी बाबांच्या समोर बसले, मागे नाही. दोन्ही हात रिकामे, मांडीवर. म्हटलं, “बाबा, जिथवर येतं तिथवर म्हणते.”

त्यांनी काठी तीनदा आपटली. चटईवर असायचो तेव्हा ‘कर सुरू’ म्हणून आपटायचे, तशीच.

मूसाच्या कथेचा शेवटचा भाग सुरू केला. कसा आला ठाऊक नाही. डोक्यातून नाही आला, अंग डोलायला लागलं आणि त्याच्यामागून आला. दोनदा चुकले. दोन्ही वेळा बाबांच्या घशातून ‘अ’ निघाला, नेमका चुकीच्या शब्दावर, आणि मी मागे जाऊन दुरुस्त केलं. शेवटची ओळ झाली आणि मी थांबले.

त्यांचा हात कानामागे गेला.

“पुढचं येत नाही, बाबा. सतराही पाट्या मी न वाचता धुतल्या. तुमचा व्यायाम समजून. आणि परवा तुम्ही ऐकलंत ते मला येत नव्हतं, मी पुस्तकात बघून वाचत होते.”

हात कानामागेच राहिला. मला वाटलं, ऐकलंच नाही. मोठ्याने सांगणार होते. मग आठवलं की त्यांना ऐकू येतं. आत्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेही बंद झालं.

बाबांनी हात खाली घेतला. दचकले नाहीत, मानही हलवली नाही. अठरावी पाटी ओढली, मला वाटलं फळीवर ठेवायला सांगतील. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि हनुवटीने पाण्याच्या भांड्याकडे दाखवलं. मी त्यांच्यासमोर धुतली. माती लावली. वाळायला तास गेला, आम्ही दोघं उन्हात बसून होतो. आत्याने चहा आणून ठेवला आणि जाताना म्हणाली, “आता कोण कुणावर रुसलंय ते तरी सांगा. दोघांना वेगळं वाढायचं का?”

पाटी वाळल्यावर बाबांनी बोरू घेतला. बोरू बोटांतून निसटत होता. मी पाटी खालून धरली. दुपारच्या बांगेपर्यंत एक ओळ झाली. पुढची नाही, मर्यमच्या कथेची पहिली. तीही अपुरी, शेवटचे दोन शब्द पाटीच्या कडेवरून खाली उतरलेले. त्याखाली त्यांनी ती खूण केली.

त्यांनी माफ केलं की नाही, मी सांगू शकत नाही. चेहऱ्याची डावी बाजूच हलते आणि पाटी धरायला मी उजवीकडे बसले होते.

या कथेत अठ्ठ्याण्णव वचनं आहेत, काहींना पाटीवर दोन-दोन ओळी लागतात. माझ्या रजेचे अकरा दिवस उरले आहेत, त्यांचे किती ते डॉक्टर सांगत नाहीत. मी तक्त्याच्या कोपऱ्यात भागाकार मांडला होता. तो खोडला. मग तक्ताच वहीतून काढून आत्याला चुलीसाठी दिला. ती म्हणाली, “कागद चांगला होता गं.”

आज दिवसभर ती एक ओळ पुटपुटते आहे. अंगणात, गाईपाशी, कणीक मळताना. आत्तापर्यंत पाच वेळा पूर्ण आली, दोनदा मधेच अडकले. बाबांनी आज काही लिहिलं नाही. पाटी त्यांच्या डाव्या बाजूला उभी आहे आणि ते वाट बघत आहेत.

उद्या: ओळ म्हणून दाखवायची. पाटीला पाणी त्यानंतरच.